बिनब्रेकची बाजू

शेजारी बसलेला माणूस नीट गाडी चालवू शकतो, यावर मास्तरांचा काडीचाही विश्वास नव्हता. जन्मभर त्यांनी लोकांना गाडी शिकवली. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि त्यांचा उजवा पाय त्यावरून कधी हलला नाही. शिकणाऱ्याच्या मनात ब्रेक दाबायचं यावं, तोवर मास्तरांनी तो दाबलेलाही असे. शेकडो माणसं त्यांच्या हाताखालून, खरं तर पायाखालून, रस्त्यावर आली.

त्याच पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली. मधुमेह जुना, त्यामुळे तळवा बधिर झालेला. मास्तर रागीट होते खरे, पण तळपायाची आग मस्तकात जायची तर आधी तळपायाला काही कळायला नको का, असा विनोद ते स्वतःच करत. सर्जननं मात्र विनोद बाजूला ठेवून बजावलं की पंजावर जराही भार नको, ब्रेक दाबणं बंद, आणि चालताना हा जाड टाचेचा बूट घालायचा. मास्तरांनी शिकवणी भाच्याच्या गळ्यात घातली आणि शहाण्यासारखे घरी बसले. लग्नानंतर त्यांच्याकडूनच शिकून पुढे कधी स्टिअरिंगला हात न लावलेल्या मास्तरीणबाई आता गाडी काढून त्यांना एक दिवसाआड पट्टी बदलायला नेऊ लागल्या.

साखर ताब्यात आली. बाईंनी घरात गोडाचा कणही ठेवला नाही. जखमेत पूही नव्हता. तरी ती भरून येईना. थोडी सुकायची की पुन्हा उघडायची. शेवटी सर्जन म्हणाले की पायापर्यंत रक्तच पोचत नसेल, तर कितीही पट्ट्या बांधून उपयोग नाही. सोनोग्राफी करून बघू, तसं असेल तर अंगठा काढावा लागेल. त्या दिवसापासून मास्तरांची झोप उडाली. आज अंगठा, उद्या पाऊल, परवा गुडघा, असा हिशेब ते पडल्या पडल्या मांडत.

सोनोग्राफीची खोली अंधारी होती. डॉक्टरीण तरुण आणि हसतमुख होती. तिनं घोट्यावर गार जेल लावलं, हातातलं यंत्र त्यावर टेकवलं आणि पडद्यावर लाल-निळे ठिपके लुकलुकू लागले. मग आवाज आला. फस्स-धप, फस्स-धप. कोणी घाईघाईनं जिना चढत असावं तसा.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचं रक्त, काका. मजेत चाललंय."

तिनं पावलाच्या वरची बाजू पाहिली, घोट्यामागची नस पाहिली, अंगठ्याच्या बुडाशीही यंत्र नेलं. सगळीकडे तोच आवाज आणि पडद्यावर उंच, टोकदार लाटा. रक्त अंगठ्यापर्यंत व्यवस्थित पोचत होतं. खुर्चीवर बसलेल्या बाईंचा जीव भांड्यात पडला. मास्तरांचा मात्र पडेना. रक्त पोचतंय, साखर ठीक, पू नाही, मग घोडं अडलंय कुठे? डॉक्टरीणही कपाळाला आठ्या घालून लाटांकडे बघत राहिली.

तेवढ्यात दार ढकलून वॉर्डबॉय रिकामी ट्रॉली घेऊन आत आला, जरा जोरातच. यंत्रातून खर्र असा आवाज आला आणि लाटा पार विस्कटल्या.

"काका, पाय दाबू नका."

"मी कुठे दाबतोय?"

डॉक्टरीण थबकली. तिनं वॉर्डबॉयला ट्रॉली पुन्हा तशीच आणायला सांगितली. ट्रॉली आली आणि मास्तरांचा पंजा पलंगाच्या टोकाच्या फळीवर असा रुतला की बोटं पांढरी पडली. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र त्याचा पत्ताच नव्हता. ते आपले ट्रॉलीवाल्याकडे रागानं बघत होते.

बाई उठून उभ्या राहिल्या. आपल्या गाडीत मास्तरांच्या पायाखालचं पायपुसणं दर खेपेला पुढे गोळा झालेलं असतं आणि आपण ते दर खेपेला सरळ करतो, हे त्यांना आता आठवलं. गाडीत बसल्या बसल्या ते बूट काढून ठेवत, हेही आठवलं. बसल्यावर कसला आलाय भार, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि बाईंनाही ते पटलं होतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मी गाडी चालवताना तुमचा हा पाय काय करत असतो?"

त्या गाडीत त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता. नुसता पत्रा होता. आणि तो पत्रा ते घरापासून दवाखान्यापर्यंत आणि दवाखान्यापासून घरापर्यंत, प्रत्येक वळणावर जीव खाऊन दाबत आले होते. पट्टी बदलायला येताना जखम उघडायची आणि पट्टी बदलून जाताना पुन्हा उघडायची. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण त्यासाठी इतक्या नेमानं जाणारे-येणारे मास्तर एकटेच.

डॉक्टरिणीला हसू आवरेना. बाईंना मात्र हसू आलं नाही.

"इतकी वाईट चालवते मी?"

"तसं नाही गं." मास्तर छताकडे बघत म्हणाले. "परक्या पोरांच्या वेळी ब्रेक माझ्याकडे असायचा. आता तू चालवतेस, आणि तुला काही झालं तर माझ्या हातात काहीच नाही. फार भीती वाटते मला."

बाईंनी रुमाल घेऊन पायावरचं जेल पुसलं, नीट, बोटांच्या बेचक्यातलंसुद्धा. मग म्हणाल्या, "मागे बसायचं. बूट घालून, पाय सीटवर लांब करून."

आयुष्यात मास्तरांना कोणी मागे बसवलं नव्हतं. सर्जननं मात्र अहवाल वाचून बाईंचीच री ओढली. अंगठ्याला हात लावायची गरज नाही, म्हणाले, काकू सांगतील तिथे बसा.

मास्तर मागे बसले. तिथून रस्ता धड दिसत नव्हता. दिसत होता तो बाईंचा अर्धा चेहरा आणि स्टिअरिंगवरचे हात. चौकात एक सायकलवाला आडवा घुसला. मास्तरांच्या काळजात धस्स झालं. पाय मात्र सीटवर लांब पसरलेला. दाबणार काय आणि कशावर? गाडी केव्हाच हळू झाली होती. बाईंनी त्याला मास्तरांच्याही आधी पाहिलं होतं.

"छान चालवतेस," मास्तर म्हणाले.

गाडी गचका खाऊन बंद पडली. मागचे हॉर्न वाजवू लागले. क्लच, गिअर, किल्ली, सगळं मास्तरांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाईंनी पदरानं डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि सावकाश चौक ओलांडला.