बिनगॉगलचा फ्लेक्स

चिन्हशास्त्र हा नवा विषय कॉलेजात आला, तेव्हा तो कुणाच्या गळ्यात बांधायचा यावर स्टाफरूममध्ये फारशी चर्चा झाली नाही. जी बाई कायम नाही, तिच्या गळ्यात. स्वरूपा आठ वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होती, म्हणजे जितके तास तितके पैसे आणि उन्हाळ्यात घरी बसा. बारामतीहून रोज सकाळच्या एसटीनं ती लासुर्ण्याजवळच्या या कॉलेजात यायची आणि पुढ्यात पडेल ते शिकवायची. घरचं झालं थोडं म्हणून व्याह्यानं धाडलेलं हे घोडंही तिनं मुकाट्यानं दावणीला बांधलं.

पोरांनी विषय घेतला तो त्याची वेळ एसटीला जुळते म्हणून. नावावरून त्यांना वाटलं होतं की निवडणुकीतल्या कपबशी, छत्री, शिट्टीचं काहीतरी असणार, आणि त्यात आपल्या भागातलं कुणी नापास होणं शक्य नाही. स्वरूपानं पहिल्याच तासाला त्यांना तीन खाने पाडून दिले. काही चिन्हं सारखेपणाची असतात. फोटो माणसासारखा दिसतो, म्हणून तो त्या माणसाचा. काही मागाची असतात, म्हणजे माग काढत कारणापर्यंत नेणारी. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, म्हणून देऊळ दिसलं की समजायचं, धरण आटलं. आणि काही नुसती ठरावाची. लाल दिव्याला थांबायचं असं चार माणसांनी ठरवलं म्हणून आपण थांबतो, त्या लालात मुळात थांबण्यासारखं काही नाही.

"मग मॅडम, डोळ्यातलं पाणी कुठल्या खान्यात?" मागच्या बाकावरून मनिषा नावाच्या मुलीनं विचारलं.

"मागाच्या. आत दुःख असलं की ते येतं, ठरवून आणता येत नाही," स्वरूपा म्हणाली. मनिषानं ते लिहून घेतलं, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

ठरावाच्या खान्यासाठी उदाहरण शोधायला लांब जायची गरज नव्हती. वर्गाच्या खिडकीतून चौक दिसायचा, आणि चौकात बारा महिने कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असायचा. डोळ्याला काळा गॉगल, कानाला मोबाईल, मागं उधळलेले घोडे नाहीतर गुरगुरणारा वाघ, वरच्या कोपऱ्यात वडीलधारे आणि खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात कुणाचा फोटो कुणाच्या अलीकडे यावरून दोन भावकींत बोलणं बंद. स्वरूपानं तासभर त्या फ्लेक्सची साल काढली. "यातलं एक तरी चिन्ह त्या माणसाबद्दल काही सांगतं का? हा सगळा गोंगाट आहे. गोंगाट काढला की अर्थ उरतो," ती म्हणाली. हे वाक्य तिचं तिलाच इतकं आवडलं की आठवडाभर ती ते जाईल त्या वर्गात वापरत राहिली.

वाक्य फिरत फिरत बापूसाहेबांच्या कानावर गेलं. बापूसाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. माळावर पत्र्याचं शेड घालून त्यांनीच हे कॉलेज सुरू केलं होतं, आणि इथं कोण कायम व्हायचं नि कोण नाही, ते अजूनही त्यांच्या घरच्या टेबलाच्या खणात ठरायचं. स्वरूपाच्या नेमणुकीचा आदेश त्याच खणात पडून होता. सगळं झालं होतं, फक्त सही राहिली होती. 'वाढदिवस होऊ द्या, मग बघू,' असं बापूसाहेब म्हणत. कुठल्या सालचा, ते म्हणत नसत.

"बाई, यंदाचा आमचा फ्लेक्स तुमी करा," त्यांनी तिला बोलावून सांगितलं. "दरसाल ह्यो अविराज करतो. कधी वाघ, कधी घोडं. मी जल्मात घोड्यावर बसलो न्हाय. शिकलेल्या माणसानं केलाय असं वाटलं पायजे."

अविराज हा त्यांचा पुतण्या, संस्थेचा सचिव. तो शेजारीच बसला होता. काकांच्या खुर्चीकडं तो ज्या मायेनं बघायचा, त्याच मायेनं त्यानं स्वरूपाकडं बघितलं आणि म्हणाला, "करा की मॅडम. आमाला बी शिकायला मिळंल."

सही या फ्लेक्सवर येऊन अडली आहे, हे कळायला चिन्हशास्त्र लागत नव्हतं. स्वरूपानं जीव ओतला. पांढरीशुभ्र पार्श्वभूमी घेतली. बापूसाहेबांचा एक कृष्णधवल फोटो निवडला, गॉगल नाही, मोबाईल नाही, नजर समोर आणि ओठांवर शांत हसू. शेजारी तेवती समई, कारण या माणसानं माळावर ज्ञानाचा दिवा लावला. खाली एकच ओळ, 'आपण लावलेला दिवा तेवत राहील'. शुभेच्छुक एकही नाही. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' हे शब्द तिनं अगदी तळाला, कोपऱ्यात, बारीक आणि सुबक अक्षरात टाकले. वाढदिवस आहे हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे, ते ओरडून कशाला सांगायचं, असा तिचा विचार.

या सगळ्यात वाढदिवसाची आदली संध्याकाळ आली, तेव्हा कुठं तिनं तो मोबाईलवरून दीपकच्या फ्लेक्सच्या दुकानात पाठवला. दीपककडं नेहमी वाढदिवसांची रांग असते, दोन दिवस थांबावं लागतं. पण त्याचं लगेच उत्तर आलं, 'आत्ता घेतो मॅडम, रातोरात लावतो,' आणि पुढं जोडलेल्या हातांचं चित्र. स्वरूपाला बरं वाटलं. चांगलं काम बघून माणूस कसा नम्र होतो, असं तिच्या मनात आलं. दीपकच्या दुकानात एकाच प्रकारचा फ्लेक्स रांग मोडून आधी निघतो, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

सकाळी एसटीत शेजारच्या बाईला फोन आला. तिनं फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावला. "बापूसाहेब गेलं की ओ. फाट्यावर फ्लेक्स लागलाय."

सगळी गाडी हळहळली. स्वरूपाच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा आला तो बापूसाहेबांचा चेहरा नव्हे, त्यांच्या टेबलाचा खण. सही राहिली. मग तिला स्वतःची लाज वाटली. मग डोळे भरून आले. ते कशासाठी, हे तिचं तिला सांगता येईना.

फाट्यावर ती उतरली. समोर तिचाच फ्लेक्स होता. बांबूला कुणीतरी उदबत्त्या खोचल्या होत्या, फोटोवर झेंडूचा हार चढला होता, आणि समोर टोप्या काढून माणसं उभी होती. एकजण वाकून तळातली बारीक अक्षरं वाचत होता. वाचून तो सरळ झाला, इकडंतिकडं बघितलं, पण एवढ्या लोकांत पुन्हा टोपी घालणं त्याला बरं दिसेना, म्हणून तो तसाच उघड्या डोक्यानं उभा राहिला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. गोंगाट काढल्यावर जे उरलं होतं, ते सगळ्यांनी बरोबर वाचलं होतं. रंग नाही, गॉगल नाही, शेजारी दिवा, म्हणजे माणूस गेला. हा ठराव पंचक्रोशीनं कधीच करून ठेवला होता, फक्त तिला कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं.

ती धावतपळत बापूसाहेबांच्या बंगल्यावर गेली, तर तिथं तिच्याआधी गर्दी पोचलेली. वाढदिवसासाठी घातलेला मांडव, ओळीनं मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, सगळं दुखवट्याला जसंच्या तसं लागू पडत होतं. आत लीलाबाई, म्हणजे बापूसाहेबांच्या मालकीणबाई, पुऱ्या लाटत बसल्या होत्या. बायकांनी त्यांना गळामिठी घातली आणि सूर लावला.

"अगं रडताय काय? आत त्यांची आंघोळ चाललीय," लीलाबाई म्हणाल्या.

आंघोळ घालायला घेतली म्हटल्यावर बायकांनी टाहो फोडला. बाहेर पुरुषांनी तिरडीच्या बांबूची चौकशी सुरू केली. तेवढ्यात नवा पांढरा सदरा घातलेले, अंगाला उटण्याचा वास येणारे बापूसाहेब दारात येऊन उभे राहिले.  कुणालाच काही सुचेना. माणूस जिवंत निघाला तर काय करायचं, याचा काही ठराव झालेला नव्हता. लासुर्ण्याचा एक म्हातारा मोठं पुष्पचक्र घेऊन पुढंच उभा होता. ते परत कसं न्यायचं ते न कळून त्यानं ते बापूसाहेबांच्या पायाशी ठेवलं, हात जोडले आणि वळला. त्याच्या मागून एकेक करत सगळे उठले.

अविराज या गर्दीत नव्हता. तो संस्थेच्या ऑफिसात होता, काकांच्या खुर्चीवर, आणि कॉलेजला सुट्टी जाहीर करून आल्यागेल्याला सांगत होता, "काळजी करू नका, आता सगळं मीच बघतो." तो आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेला असताना त्याला बातमी गेली की बिळाचा मालक घरीच आहे.

दुपार कलली तरी स्वरूपा मांडवाच्या कडेला बसून होती. पळून जावं तर सही गेली, थांबावं तर तोंड दाखवायला जागा नाही. मांडव रिकामा झाला होता. जिलबीची ताटं फडक्याखाली झाकून पडली होती, आणि केक कुणी कापलाच नव्हता. बापूसाहेबांनी तिला हातानं बोलावलं.

"हितं बसा बाई." आवाजात राग नव्हता, त्यामुळं तिला जास्त भीती वाटली. "दरसाल वाढदिसाला शंभरएक माणूस येतं, ते बी जेवायच्या टायमाला. आज सकाळधरनं सगळी पंचक्रोशी लोटली. मला बघून बी गेली. पर जाताना एकानं 'येतो' म्हटलं न्हाय."

मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, मुकाट उठतात. समोर माणूस धडधाकट दिसत असूनही लोक तसेच उठून गेले होते. घरी जाऊन त्यांनी आंघोळी केल्या असणार. सकाळी जिथं रडायला गेलो तिथं दुपारी जिलबी खायला कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून परत कुणीच आलं नव्हतं.

"माझं चुकलं, बापूसाहेब," स्वरूपा म्हणाली.

"ते ऱ्हाऊ द्या. एक विचारतो. कळल्यावर पयलं मनात काय आलं तुमच्या? अविराजला विचारलं, तर म्हणाला पायाखालची जमीन सरकली. प्राचार्यांना विचारलं, त्यांची बी जमीनच सरकली. एवढी जमीन सरकली, मग हितं एक जण थांबला कसा न्हाय?"

तेच वाक्य स्वरूपाच्याही ओठावर तयार होतं. आठ वर्षं संस्थेत काढल्यावर असली वाक्यं माणसाला आपोआप येतात. पण दिवसभर त्या रिकाम्या होत जाणाऱ्या मांडवात बसून तिला त्यांचा वीट आला होता.

"सही राहिली, असं आलं मनात," ती म्हणाली. "तुमचा चेहरा नंतर आला. रडू त्याच्याही नंतर आलं, आणि ते कशाचं होतं, ते मला अजून सांगता येत नाही."

 बापूसाहेबांनी आत हाक मारली, लीलाबाईंकडून खणातला आदेश मागवला आणि केकचा बॉक्स बाजूला सारून त्याच टेबलावर सही केली.

"खरं बोलला म्हणून केली न्हाय," ते म्हणाले. "खरं बोलणारी माणसं संस्थेला परवडत न्हाईत. पर एक दिस मला खरंच जायाचं हाय. तवाचा फ्लेक्स अविराजच्या हातात द्यायचा न्हाय. तो तुमी करायचा. त्याच्यासाठी तुमी हितंच पायजे, कायमच्या."

स्वरूपाला हसावं की रडावं कळेना. "कसा करू?" तिनं विचारलं.

"रंगीत करा. गॉगल घाला मला, काळा. घोडं बी असू द्या मागं, उधळल्यालं. लांबनं बघणाऱ्याला वाटंल, म्हाताऱ्याचा वाढदिस हाय. जिलबी खायाच्या तयारीनं येतील, आन जाताना सवयीनं 'येतो' म्हणून जातील."

ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे पाण्यानं भरले. ते पाणी कुठल्या खान्यात जातं, हे स्वरूपानं बघितलं नाही. तिला त्यांची फार दया आली, आणि सही मिळाल्याचा आनंद त्या दयेखाली कुठं दबला तो तिला सापडेना. तिनं ताटावरचं फडकं काढलं आणि एक गार, चिवट झालेली जिलबी उचलून खाल्ली. मग आणखी एक खाल्ली. बापूसाहेब तिच्याकडं बघत राहिले. खाऊन झाल्यावर तिनं बोटं पुसली, आदेश पर्समध्ये ठेवला आणि उठून उभी राहिली.

"येते, बापूसाहेब."

"या," ते घाईनं म्हणाले. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागून पुन्हा आवाज आला. "उद्या बी या."