मालूकाकीच्या ओटीवरचा उजेड

पेणच्या आमच्या आळीत दुसऱ्याचं घर कसं असावं, यावर प्रत्येकाचं मत असतं. म्हणून जुनं घर पाडताना मी ठणकावून सांगितलं, "आळीला शोभेल असंच बांधीन." यंदा घर उभं राहिलं; रोह्याच्या प्रणिता या आर्किटेक्टने तीन मजल्यांची दर्शनी भिंत जांभ्याच्या लाल फरशीने मढवली. लोक थांबून फोटो काढायचे. मी हवेत होतो, खोटं कशाला बोलू?

समोर मालूकाकीचा गणपतींचा कारखाना. मूर्तीचं अंग रंगवणं आणि डोळ्यांची आखणी चाळीस वर्षं तिच्याच हातची, ओटीवर बसून. यंदा दुकानदाराने तिच्या तीस मूर्ती परत पाठवल्या. रंग कावीळ झाल्यासारखा!

"काकी, मोतीबिंदू असेल," असा शहाणपणा करून मी तिला डॉक्टरकडे नेलं. डोळे ठणठणीत निघाले. तिला पटलं नाही.

"डॉक्टरला रंगातलं काय कळतंय? ही शेवटची मूर्ती, सुशील. आता ब्रश धरायची नाय."

ती रडली नाही.

ती शेवटची मूर्ती नाक्यावरच्या टेम्पोत ठेवायला मीच उचलली. ओटीवर गाल छान गुलाबी होते. नाक्यावर उघड्यावर आलो, तर पिवळे! उलट पावली ओटीवर आलो, पुन्हा गुलाबी. मान वळवली. समोर माझी भिंत उन्हात लालभडक, आणि तिची लाली थेट ओटीवर. त्या उजेडात काकीला गुलाबी पुरेसा वाटायचा, म्हणून ती कमी घालायची. डोळे तिचे नव्हते गेले, माझे गेले होते.

प्रणिताला बोलावलं. ती ओटीवर काकीशेजारी बराच वेळ बसली.

"मी तुमचं घर आळीतून पाहिलं," ती म्हणाली, "इथं बसून पाहिलंच नाही. चुना मारू या."

एवढ्या देखण्या भिंतीवर चुना! जिवावर आलं, पण मारला.

दुसऱ्या दिवशी काकी ओटीवर येऊन बसली. तिने परत आलेली एक मूर्ती पुढे ओढली, मग माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"यंदा तू मला गोरा वाटाय लागला व्हतास," ती म्हणाली. "नाय रे, मूळचा तव्यासारखाच हायस."

आणि तिने ब्रश गुलाबीत बुडवला.