कुळथाच्या पाण्यातला श्रावण

मी एक जुनी काचेची बशी आहे, मित्रांनो, पण चहाची नव्हे. रत्नागिरीतल्या एका लहानशा तपासणी प्रयोगशाळेत १९९८ साली आले आणि जंतू वाढवण्यात जन्म गेला. जंतूंनी भरायचं, वाफेत शिजायचं, घासून घ्यायचं आणि पुन्हा भरायचं. दमले हो मी!

तिथे तपासणी करणाऱ्या उमाताई माझ्यात जंतूंसाठी मटणाचा अर्क घालून थिजवलेलं खाणं ओतत. त्यावर जंतू पसरले की जंतूंना खाणाऱ्या विषाणूंचे वेगवेगळे थेंब टाकत. ज्या थेंबाखाली जंतू मरत, तिथे स्वच्छ भोक पडे. कुठल्या थेंबांनी भोकं पडली, त्यावरून जंतूचा प्रकार कळे.

२००१ च्या श्रावणात जुलाबाची साथ आली. बंदराजवळच्या यमुनाबाईच्या खानावळीवर संशय आला, कारण तिच्या पाण्याच्या पिंपातही जंतू सापडला होता. रुग्णांचा जंतू आणि पिंपातला जंतू एकच का, हे आम्ही सांगायचं होतं. दोन्ही बशांत एकही भोक पडलं नाही. थकलेल्या उमाताईंनी "दोन्ही सारखेच" असं लिहून दिलं आणि खानावळीला टाळं लागलं.

चार दिवसांनी त्यांनी एक जुना, ओळखीचा जंतू तपासला. त्याच्यावर हमखास भोकं पडत. त्यालाही पडेनात! त्यांनी खाणं बनवणाऱ्या दादूला हाक मारली. तो पन्नाशीचा, मोठा सज्जन माणूस.

"दादू, खाण्यात काय घातलंस?"

"ताई, श्रावण हाय नव्हं? मटणाला हात नाय लावला. कुळीथ उकडून त्याचं पाणी घातलं. जंतू झकास पोसले की!"

"अरे देवा! जंतू पोसले, पण त्या तुरट पाण्यात विषाणू त्यांना धरूच शकले नाहीत. आणि मी आंधळीनं ताडून पाहिलं नाही!"

दादूचा चेहरा पडला. त्याच दिवशी उमाताईंनी स्वतः मटणाचा अर्क काढला. यावेळी भोकं पडली, आणि दोन्ही बशांत निराळी. पिंपातल्या जंतूचा साथीशी काही संबंध नव्हता.

खानावळीचं टाळं निघालं, आणि तसा नवा कागद घेऊन उमाताई आणि दादू तिथे गेले. यमुनाबाई म्हणाली, "कागद ब्येस हाय, ताई. पण माझं गिऱ्हाईक कागद वाचीत नाय."

हे दादूनं मला घासताना सांगितलं. तो रडत होता. मलाही फार वाईट वाटलं.

पुढे प्लास्टिकच्या बशा आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही, माझं आयुष्य झालं. पण कुणावर दोष ठेवण्याआधी एकदा ताडून पाहा, एवढंच मागते. आणि यमुनाबाईचं ते बोलणं ऐकल्यापासून उमाताईंनी घरचा डबा आणणं सोडलं. पुढे वर्षभर त्या रोज दुपारी यमुनाबाईच्या दारातल्या बाकावर, रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसतील अशा, तिच्या हातचं जेवायला बसत.