गोळ्यांची दुसरी ओळ

"चाचप आणि सांग, ओळ एक की दोन?" मेलेल्या गोऱ्ह्याचा कापून आणलेला कान क्लेटनने ओफेलियासमोर आपटला.

कॅन्ससच्या त्या गुरांच्या तळावर क्लेटन मुकादम. माणसाला चारचौघांत सोलून काढायची त्याला भारी हौस, आणि आज तर निमित्तच मिळालं होतं. गुरं झटपट भरावीत म्हणून कानाच्या कातडीखाली औषधी गोळ्यांची एक ओळ सोडतात. चुकून दोन गेल्या की मांस चढतं, पण त्यात चरबी मुरत नाही. कत्तलखान्याने कालच कळवलं होतं, तुमच्या जनावरांचं मांस नुसतं कोरडं!

गोळ्या सोडणारी माणसं दोनच. एकतीस वर्षं तेच करत आलेला व्हर्लिन आणि त्याने हाताला धरून शिकवलेली ओफेलिया. सोडल्यावर अंगठ्याने चाचपायचं, ओळ लागली नाही तर पुन्हा सोडायची. पण व्हर्लिनचा अंगठा हिवाळ्यापासून पार बधिर झाला होता. बसलेली ओळही त्याला लागेना, मग तो दुसरी सोडायचा. या वयात हाकललं तर दारात कोण उभं करणार, म्हणून तो गप्प होता. एकदा अंगठा कापून रक्त गळत होतं तरी त्याला पत्ता नव्हता, ते पाहिलं होतं फक्त ओफेलियाने.

तिचा अंगठा एका ओळीवर थांबला, मग शेजारच्या दुसरीवर. तिने व्हर्लिनकडे पाहिलं. एक म्हटलं तर प्रकरण इथेच मिटेल, असं वाटलं असावं बिचारीला.

"एकच आहे."

क्लेटनने चाकूने कातडी उघडली. शेजारी शेजारी दोन ओळी.

"वा, बाईसाहेब! तुमची बोटंच मेलीत की! म्हणून दोन-दोन सोडत होतात होय?"

सगळे खो खो हसले. ओफेलिया व्हर्लिनकडे बघत राहिली.

"काय रे म्हाताऱ्या? चेली तुझी. हिची बोटं कामाची राहिलीत का?"

खरं बोलायला एक शब्द पुरला असता.

"नाहीत," तो म्हणाला. "मी सांगणारच होतो तुला."

ओफेलियाने कमरेला खोचलेले हातमोजे काढून नीट कठड्यावर ठेवले. "येते, डॉन व्हर्लिन," ती म्हणाली. एवढं होऊनही तिने त्याला स्पॅनिश रीतीने मानाने 'डॉन' म्हणावं, हे त्याला थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागलं.

फाटक वाजलं. पुढचा गोऱ्हा जनावर जखडून धरणाऱ्या लोखंडी शिकंज्यात आला. व्हर्लिनने गोळ्या सोडल्या, कान दाबला, पुन्हा दाबला. क्लेटन मागेच उभा होता.

"बसली बरोबर," व्हर्लिन मोठ्याने म्हणाला आणि जनावर सोडून दिलं.