तीन टिंग

"बटण एकच ठेवा," मॅनेजर म्हणाला. "दोन दिसली की माणूस विचार करत बसतो."

ठिपकेमास्तरांनी मान डोलावली. मग जरा धीर करून विचारलं, "पण साहेब, एखाद्याला नाही म्हणायचं असलं तर?"

"तर त्यानं आतच राहावं. फाटकाचा दांडा उघडणार नाही." मॅनेजर स्वतःच्याच विनोदावर हसला आणि त्याने एक कागद पुढे सरकवला. कागदावर एकच वाक्य पाच भाषांत छापलेलं होतं. मी स्वखुशीने काम सोडत आहे. खाली, पाचही भाषांत, मान्य.

कारखान्याच्या फाटकांवर कार्ड घालायची यंत्रं होती. कार्ड घातलं की एकदा टिंग होऊन पडद्यावर त्या कामगाराच्या भाषेत एकेरी रेघेची चौकट उमटायची, माणूस बटण दाबायचा, कार्ड परत यायचं, दांडा वर जायचा. चौकटी मास्तरांच्या. यंत्रातली चिप जुनी आणि इवलीशी, तिच्याशी असेंब्लीतच बोलावं लागे. म्हणजे हा आकडा इथून उचल, तिथे ठेव, तिकडे उडी मार, असं एकेक पाऊल हाताने सांगायचं. नवीन पोरांना ते जमत नव्हतं आणि नवीन यंत्रं घ्यायला मालक तयार नव्हते, म्हणून मास्तर टिकले होते. अक्षरंही त्यांनीच चौकटीच्या वहीत एकेक ठिपका रंगवून बनवली होती. ठिपकेमास्तर हे नाव त्या ठिपक्यांवरूनच पडलेलं, शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं.

"एक जून, तीनची पाळी सुटताना," मॅनेजर म्हणाला. "बटण दाबलं की राजीनामा नोंदला जाईल आणि कार्ड यंत्र गिळून टाकेल. एकशे बारा जण आहेत." त्याने यादीचं शेवटचं पान उलटून बोट ठेवलं. "ही एकशे तेरावी ओळ मी अजून मोकळी ठेवलीय, मास्तर. तुमची नोकरी किती राहिली?"

"दोन वर्षं."

"आणि राहता कंपनीच्याच खोल्यांत. बघा बुवा."

मास्तरांनी बघितलं. बायको, दोन खोल्या, खिडकीतली तुळशीएवढी उंच वाढलेली मिरची, सगळं त्या मोकळ्या ओळीत मावत होतं. ते कागद घेऊन आपल्या टेबलाशी आले.

अडचण जागेची होती. चिपमध्ये सगळी मिळून सोळा हजार घरं, म्हणजे बाइट, त्यातली रिकामी सदतीस. पाच भाषांतलं वाक्य त्यात कुठून बसणार! काहीतरी काढावं लागणार होतं आणि काय काढायचं ते मास्तरांना पहिल्या मिनिटालाच कळलं होतं, तरी त्यांनी दुपारपर्यंत यादी वरखाली केली.

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी यंत्रात एक गोष्ट कुणालाही न विचारता घातली होती. वाढदिवस असला की घरी जाताना जाड दुहेरी रेघेची चौकट यायची, यंत्र तीनदा टिंग करायचं आणि माणसाच्या भाषेत शुभेच्छा दिसायच्या. रांगेतले लोक ओरडायचे, "आज कोण म्हातारं झालं रे?" ज्यांच्या जन्माचा कागदच नव्हता, त्या झाडूवाल्यांना, हमालांना भरती करताना कारकुनाने सरसकट एक जून लावला होता. त्यामुळे एक जूनला फाटकावर टिंगटिंग थांबायची नाही. हे लोक एकमेकांना म्हणायचे, "आपण सगळी एकाच आईची लेकरं."

झाडूवाली मावशी त्यांच्यातलीच. तिच्या भाषेची माणसं कारखान्यात मोजून तीन आणि त्या भाषेची अक्षरं कुठेच मिळेनात. मग मावशीने मास्तरांच्या टेबलाशी उकिडवं बसून, ओल्या बोटाने फरशीवर एकेक अक्षर काढून दाखवलं होतं. लहानपणी वर्षभर शाळा झाली होती, तेवढी अक्षरं तिने जपून ठेवली होती. अडतीस अक्षरं. मास्तरांनी त्यांचे ठिपके केले. सहावी भाषा. मास्तरांच्या हिशोबी क्रमांक पाच, कारण ते शून्यापासून मोजत. पहिल्यांदा पडद्यावर स्वतःची अक्षरं दिसली तेव्हा मावशी रडली होती आणि मागची रांग तिच्यावर खेकसली होती.

आता मास्तरांनी शुभेच्छा पुसल्या. तरी जागा पुरेना. मग त्यांनी सहावी भाषा काढली. अडतीस अक्षरांची सहाशे आठ घरं मोकळी झाली. त्या तिघांच्या कार्डांना पहिल्या भाषेचा पत्ता लावून दिला. चौकट काढणाऱ्या भागाला शब्द थोडेच कळतात, त्याला पत्ता दिला की तो तिथलं उचलून आणतो.

नवी चौकट आखायला मात्र आणखी नव्वद घरं लागली असती. मास्तरांना एकदम युक्ती सुचली. वाढदिवसाची चौकट तयारच होती! मजकूर तेवढा बदलायचा आणि ती यादीतल्यांना दाखवायची, बाकी सगळं जसंच्या तसं. एकही घर वाया जाणार नाही. त्यांना मनापासून आनंद झाला, आणि हेच मला त्यांना माफ करू देत नाही. टेबलावरच्या यंत्रावर त्यांनी चाचणी घेतली. शेजारच्या हिशेबनिसाची कुरकुर नको म्हणून त्या यंत्राच्या भोंग्यावर त्यांनी कधीकाळी चिकटपट्टी लावली होती. चाचणी मुकाट पार पडली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "झालं का ते काम?"

"झालं. एक बाइट फुकट गेला नाही बघ."

"आणि ती माणसं?"

"यादी मी केली का?"

बायकोने ताट त्यांच्यापुढे ठेवलं ते जरा जोरात. पण भाकरी तिने गरमच वाढली. दोन खोल्या तिच्याही होत्या.

एक जूनला तीनच्या आधीच मॅनेजरने मास्तरांना फाटकावर उभं केलं, यंत्र अडलं तर हाताशी असावेत म्हणून. रांग लागली. यादीतला पहिला हमाल आला, त्याने कार्ड घातलं आणि यंत्र वाजलं. टिंग. टिंग. टिंग.

मास्तरांच्या आता ध्यानात आलं. चौकटीबरोबर भोंगाही आला होता. तो त्याच भागात होता आणि तो तिथे त्यांनीच ठेवला होता.

"आला आला, वाढदिवस आला!" रांगेतून आवाज उठला. हमालाने पडद्याकडे धड पाहिलंही नाही. दुहेरी रेघ त्याला पाठ होती. हसत हसत त्याने बटण दाबलं, मागच्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तो दांड्यापलीकडे ढकलला गेला. कार्डाची आठवण त्याला पलीकडे गेल्यावर झाली. "उद्या, उद्या," म्हणत पहारेकऱ्याने त्याला पुढे काढलं. टिंग, टिंग, टिंग. पुढचा आला. ज्यांचा वाढदिवस आज नव्हता तेही गमतीत दाबत होते. "मलापण? कारकुनानं मलापण एक जून लावला वाटतं!" वाचता येणारा एक जण थबकला, पण मागून "अरे आटप की, केक कापतोस का!" असा गलका झाला. त्याने एकदा मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी दांड्याकडे. त्याने दाबलं.

मग मावशी आली. केस विंचरलेले, अंगावर धुतलेलं लुगडं. एक जूनला ती असंच करायची. टिंग झालं तशी ती पडद्याशी वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"मास्तर, माझी अक्षरं कुठं गेली?"

"जागा संपली, मावशी."

"मग हे काय लिहिलंय?"

मास्तरांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मागे मॅनेजर उभा होता, त्याच्या हातात यादी होती आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"दरवर्षीचंच आहे," मास्तर म्हणाले.

"असं होय. लांबलचक दिसलं म्हणून विचारलं." मावशीने बोट पदराला पुसलं आणि बटण दाबलं. दांडा वर गेला. ती मात्र यंत्राच्या फटीखाली तळहात धरून उभी राहिली.

"कार्ड येईना की."

"उद्या मिळेल."

"बरं." ती दांड्यापलीकडे गेली आणि वळली. "पुढच्या वर्षी मात्र तेवढी जागा करा हं. अक्षरं विसरली असाल तर मी पुन्हा काढून दाखवीन."

सव्वाचारला मॅनेजरने यादीवर शेवटची खूण केली. "एकशे बारापैकी एकशे बारा! एकानंही हुज्जत घातली नाही. काय जादू केलीत हो?"

"तयार चौकट होती, साहेब. तीच वापरली."

"वा!" मॅनेजरने पेनाला टोपण लावलं.

फाटक रिकामं झालं होतं. मास्तरांनी आपलं कार्ड घातलं. साधी एकेरी चौकट आली, टिंग एकदाच झालं. त्यांनी बटण दाबून फटीखाली हात धरला. कार्ड परत आलं.