माळ की काड्या?

मित्रांनो, माझ्या मानेवरचा काळा रंग पोपडे धरून निघू लागला आहे, त्यावरूनच माझे वय ओळखा. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक. खिडकीजवळच्या टेबलावर मी तीस वर्षे उभा होतो.

माझ्या भिंगाखाली जिवाणू येत. जिवाणू म्हणजे एकच पेशी. तिच्यात केंद्रक नसते, आनुवंशिकतेचा धागा आत मोकळाच गुंडाळलेला असतो. भोवती मात्र भिंत असते. कुणी काडीसारखे, कुणी मळसूत्रासारखे पिळदार, कुणी मण्यासारखे गोल. मणीही एका वळणाचे नाहीत. काही जोडीने राहतात, काही द्राक्षांच्या घोसासारखे, काही माळेत ओवल्यासारखे. त्यांना जांभळा रंग देऊन स्पिरिटने धुतले की जाड भिंतीचे जांभळेच राहतात. पातळ भिंतीचे रंग सोडतात आणि दुसऱ्या रंगाने गुलाबी होतात.

तिथे काम करणाऱ्या ताईंनी एक रीत घातली होती. नमुना पसरून रंगवलेली काचपट्टी दोघांनी पाहायची, आणि बोलण्याआधी दिसले ते आपापल्या कागदावर काढायचे.

एके दिवशी एका बाळंतिणीच्या टाक्यांतला पू आला. ती तापाने फणफणली होती. बाहेर बाकावर तिची बहीण चार दिवसांचे बाळ घेऊन बसली होती. काड्या निघाल्या तर एक औषध, माळ निघाली तर दुसरे. डॉक्टर तेवढ्यासाठी खोळंबले होते.

ताईंनी पाहिले, कागदावर गुलाबी काड्या काढल्या. मग त्यांचे सहकारी भाऊ आले. माझे भिंग काचपट्टीवरच्या तेलाच्या थेंबाला टेकवून पाहावे लागते; त्यांनी आधी मऊ कागदाने ते पुसले, मग पाहिले आणि चित्र काढले.

"ही काय मण्यांची माळ? चष्मा बदला भाऊ!"

"चष्मा कालच पुसलाय ताई. तुमचं भिंग मात्र कालचं तेल पिऊन बसलं होतं."

ताई चिडून वाकल्या. पुसट काड्यांच्या जागी आता एकेक मणी सुटा दिसत होता.

"माळ आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण गुलाबी? माळवाल्यांची भिंत तर जाड."

"स्पिरिट किती वेळ ठेवलंत?"

"मध्येच फोन आला होता... अरे देवा! सगळा रंगच धुऊन काढला की मी."

त्याच नमुन्याची दुसरी काचपट्टी त्यांनी घड्याळ समोर ठेवून रंगवली. माझ्या भिंगाखाली जांभळी माळ लखलखली. ताई स्वतः धावत वॉर्डात गेल्या.

नवव्या दिवशी ती बाळंतीण दाराशी आली. बाळ तिच्याच कुशीत होते.

"तुम्हीच ओळखलंत ना?"

"मी चुकले होते गं," ताई भाऊंकडे बोट दाखवत म्हणाल्या. "आभार यांचे मान."

मित्रांनो, आता टेबलावर पडद्याचे नवे यंत्र आहे आणि मी लाकडी पेटीत, कपाटात. कुणी पेटी उघडत नाही, याचे वाईट वाटते. मला बाहेर काढाच, असा हट्ट नाही. पण ज्या भिंगातून पाहाल ते आधी पुसा, आणि दुसऱ्याचे ऐकण्याआधी स्वतःचे चित्र काढा.

निवृत्त होताना ताईंनी माझ्या पेटीच्या झाकणात एक कागद चिकटवला. त्यांना भाऊंचे बरोबर आलेले चित्र लावता आले असते. त्यांनी आपल्या गुलाबी काड्या लावल्या, आणि खाली लिहिले: 'भिंग पुसले नव्हते.'