सुईचा शब्द

माझं शिवणाचं दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एका भिंतीपलीकडे धाकट्या दिरांचं चष्म्याचं दुकान. त्या भिंतीवर भाऊजींचा फार दिवसांपासून डोळा. ती पाडली की त्यांना डोळे तपासायला वेगळी खोली मिळते. नवरा गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा विषय काढला, तेव्हा मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं होतं, "ज्या दिवशी मला सुई ओवता येणार नाही, त्या दिवशी खोली तुमची." तेव्हा मी बोलता बोलता, न बघता सुई ओवायची. तोंड वाजवायला काय जातं!

यंदा काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि नंबर लिहून दिला. "डोळे चांगले आहेत तुमचे. नंबर वाढलाय एवढंच. चष्मा बदला आणि खुशाल शिवा." तो कागद घेऊन मी भाऊजींकडे गेले. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"वहिनी, किती दिवस डोळे फोडून घेणार? आता आराम करा."

"चष्मा करून देताय की नाही?"

"देऊ की. घाई काय आहे?"

घाई काय आहे म्हणे! शाळेच्या पँटींचा ढीग माझ्या कमरेएवढा झाला होता आणि यांना घाई दिसत नव्हती. माझं शिवण थांबेपर्यंत यांचा चष्मा तयार होणार नाही, हे कळायला मला चष्म्याची गरज नव्हती. मी घरी आले, मोबाईल उघडला आणि ऑनलाइन चष्मा मागवायला बसले. फ्रेम निवडली, नंबर भरला आणि एका चौकोनापाशी घोडं अडलं. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहिलं नव्हतं. भाऊजींना ठाऊक होतं, कारण आजवरचे माझे सगळे चष्मे त्यांनीच केलेले. गेले परत पलीकडे.

"ते दुकानाचं असतं, वहिनी," भाऊजी गोड हसले. "आम्ही माप बाहेर देत नाही."

नका देऊ. माझा जन्म लोकांची मापं घेण्यात गेलाय. आरशासमोर उभी राहिले, पट्टी भुवयांखाली धरली, मोजलं आणि भरून टाकलं.

पार्सल आलं तेव्हा मी ते भाऊजींच्या दारासमोरच फोडलं. मुद्दामच. पण चष्मा लावून मशीनवर बसले, तर सुईच्या दोन सुया. थोड्या वेळानं कपाळ ठणकायला लागलं. भाऊजी दारातून बघतच होते.

"चष्म्याचा दोष नाही हो, वहिनी. डोळेच थकलेत. शब्द आठवतोय ना? सोमवारी गवंडी येतोय."

मी चष्मा काढून मशीनवर ठेवला. घाबरले मी. खरंच डोळे गेले असतील तर? मशीन गेल्यावर या घरात मी कोण? मागच्या खोलीत बसून जेवायला बोलावण्याची वाट बघणारी म्हातारी. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

रविवारी त्याच रागात मी एक पँट कापायला घेतली. दिसत नव्हतं तरी हात ओळखीचा. माप टाकलं, आणि माझा खडू आपोआप मापाच्या बाहेर सरकला, आधी या बाजूला, मग त्या बाजूला. शिवणीसाठी आम्ही असं जास्तीचं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. मी कुणाचंही माप लिहिते ते माया धरूनच लिहिते. कापणारी मीच, शिवणारी मीच, मग वेगळं कशाला लिहायचं?

खडू माझ्या हातातच राहिला.

पुन्हा आरशासमोर गेले. पट्टी धरली. बासष्ट मिलिमीटर. आणि मी कंपनीला कळवलं होतं बहात्तर! माझ्या दोन डोळ्यांना मी दोन्ही बाजूंनी माया सोडली होती. इतकी हसले की खुर्चीत बसावं लागलं. कंपनीला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, भिंगं बदलून देऊ, पण आठवडा लागेल. सोमवार काही आठवडाभर थांबणार नव्हता. तेवढ्यात मी चष्म्याआडून एक डोळा मिटून सुईकडे पाहिलं, आणि दोनाची एक झाली.

सोमवारी गवंडी हातोडा घेऊन आला. भाऊजी त्याच्या पुढे, टेप घेऊन. मी मशीनवर बसले होते, नाकावर तोच चष्मा.

"वहिनी, सामान हलवायचं ना?"

"शब्द कशाचा होता, भाऊजी?"

"सुई ओवण्याचा."

मी काळा दोरा घेतला, टोक ओठांत ओलं केलं, डावा डोळा घट्ट मिटला. पहिल्यांदा दोरा चुकला. भाऊजींनी गवंड्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा मी श्वास रोखला आणि दोरा पार केला. सुई त्यांच्या नाकासमोर धरली, दोरा दोन्हीकडून ओढून दाखवला.

"एक डोळा मिटून?" भाऊजी म्हणाले. "याला काय अर्थ आहे?"

"किती डोळ्यांनी ओवायची ते ठरलं नव्हतं. आणि दुसऱ्या डोळ्याचं सामान पुढच्या आठवड्यात येतंय."

गवंडी तोंडावर हात ठेवून हसला आणि हातोडा पिशवीत टाकायला लागला. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं, पण माणूस चिवट. जाता जाता टेपचं टोक भिंतीला टेकवत म्हणाले, "बरं, राहिलं. निदान खोली मोजून तरी ठेवतो. पुढेमागे लागेल."

मी उठले आणि टेपचं टोक भिंतीवरून काढून त्यांच्या हातात दिलं.

"माप बाहेर देत नाही," मी म्हटलं, आणि मशीन सुरू केलं.